निर्वासितांचा आवाज : हबशाचा दरबार आणि मदीनेची बाजारपेठ

'निर्वासित' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर सहसा एक रांग उभी राहते. रिकामी भांडी घेतलेली मुले, पाठीवर बोचके बांधलेल्या स्त्रिया, धान्याच्या पोत्याकडे पाहणारे थकलेले चेहरे. आपण हळहळतो, दुआ करतो, यथाशक्ती रक्कम पाठवतो. हे सत्कर्म आहे यात शंका नाही. परंतु वाचकहो, या चित्रातील माणूस कधी बोलताना दिसतो काय? त्याला काय हवे, त्याच्या वतीने कोण बोलेल, मिळालेल्या मदतीचे काय करायचे, हे ठरवणारा तो स्वतः असतो काय?

इस्लामी कालगणनेचे पहिले वर्ष एका स्थलांतराचे वर्ष आहे. ज्यांना घरदार सोडावे लागले अशांच्या हातूनच पहिला मुस्लिम समाज घडला. त्यांचा वृत्तांत वाचताना आपण त्यांच्या हालअपेष्टांवर अश्रू ढाळतो. पण परमुलखात पाऊल ठेवल्यानंतर ते कसे वागले, याकडे आपले तितके लक्ष जात नाही. या लेखात त्याच अंगाने थोडा विचार करू.

प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६१५ च्या सुमारास, मक्केतील छळाला कंटाळलेल्या काही श्रद्धावंतांना आदरणीय प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हबशाला जाण्याची अनुमती दिली. तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता आणि न्यायी म्हणून विख्यात होता. पहिली तुकडी लहान होती; पुढे ही संख्या ऐंशीहून अधिक पुरुष आणि त्यांच्यासमवेत स्त्रिया-मुले इतकी झाली. कुरैशांनी त्यांचा पाठलाग सोडला नाही. अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ हे दोन दूत उंची कातडी वस्तूंच्या भेटी घेऊन हबशाला पोहोचले. त्यांची युक्ती सरळ होती. आधी सरदार-धर्मगुरूंना भेटी द्यायच्या आणि निर्वासितांना बोलूच न देता त्यांना आपल्या हवाली करावे, असा सल्ला राजाला त्यांच्याच तोंडून द्यायचा.

'बोलूच न देता' या शब्दांवर थोडे थांबा. कुरैशांना भय कशाचे होते? या माणसांजवळ ना शस्त्र होते, ना संपत्ती, ना टोळीचे पाठबळ. भय होते ते त्यांच्या बोलण्याचे. आणि नजाशीचे मोठेपण हेच की त्याने दरबाऱ्यांचा सल्ला धुडकावला आणि ज्यांनी आपला आश्रय घेतला आहे त्यांचे म्हणणे ऐकल्याविना निर्णय देणार नाही, असे बजावले.

निरोप आला तेव्हा मुहाजिर एकत्र जमले. काय सांगायचे, यावर त्यांनी विचारविनिमय केला. परिणाम काहीही होवो, जे आपण जाणतो आणि जे प्रेषितांनी (स.) शिकवले तेच सांगायचे, असे ठरले. बोलण्याची जबाबदारी हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) यांनी उचलली. त्यांनी भरदरबारात दयेची याचना केली नाही. आपण पूर्वी कसे होतो, बलवान दुर्बलाला कसा गिळत असे, मग आपल्यातच एक सत्यवचनी प्रेषित कसा आला, त्याने कोणत्या गोष्टी सांगितल्या आणि त्यापायी आपल्यावर कोणते अत्याचार झाले, हे त्यांनी क्रमाने मांडले. राजाने विचारल्यावर सूरह मरयमचा प्रारंभीचा भाग ऐकवला. दुसऱ्या दिवशी अम्र यांनी हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयीच्या श्रद्धेचा नाजूक प्रश्न पुढे आणला. मुहाजिर पुन्हा जमले, पुन्हा तोच निर्णय झाला आणि जाफर (रजि.) यांनी कोणतीही लपवाछपवी न करता उत्तर दिले. शेवटी कुरैशांच्या भेटी परत गेल्या आणि मुहाजिरांना अभय मिळाले.

हा सारा वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचला तो हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्यामुळे, त्या स्वतः त्या निर्वासितांपैकी एक होत्या. त्यांनीच आणखी एक प्रसंग सांगितला आहे. नजाशीच्या विरोधात एकाने बंड पुकारले आणि नाईलच्या पलीकडे लढाई जुंपली. तिकडे काय झाले, हे पाहून यायला कोण जाईल, असे मुहाजिरांनी आपसात विचारले. त्यांच्यातील वयाने लहान असलेले हजरत जुबैर (रजि.) पुढे झाले. फुगवलेली पखाल छातीशी धरून ते नदी पोहून गेले आणि राजाच्या विजयाची वार्ता घेऊन आले. ज्या भूमीने आसरा दिला तिच्या सुखदुःखात हे लोक केवळ प्रेक्षक म्हणून राहिले नव्हते.

आता मदीनेकडे वळू. तेथे आदरणीय प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अनसार यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपल्या भावाला, म्हणजे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना, आपली निम्मी संपत्ती देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि विचारले की येथे बाजार कोठे भरतो? त्यांना बनू कैनुकाच्या बाजाराची वाट दाखवण्यात आली. पनीर आणि तुपाच्या व्यवहाराने आरंभ झाला आणि थोड्याच काळात स्वतःच्या कमाईतून महर देऊन त्यांचा विवाहही झाला.

हा प्रसंग आपल्या प्रवचनांतून वारंवार येतो. खेदाने नमूद करावेसे वाटते की तो बहुधा गरिबांना टोचण्यासाठी वापरला जातो : पाहा, ते कसे स्वावलंबी होते! असा उपयोग करणाऱ्यांनी साद (रजि.) यांनी काय देऊ केले होते, हे विसरू नये. अर्धी संपत्ती समोर ठेवणाऱ्यालाच 'बाजारात जा' असे म्हणण्याचा थोडाबहुत अधिकार पोहोचतो, आणि साद (रजि.) यांनी तर तसे म्हटलेही नाही. शिवाय सर्वच मुहाजिर व्यापारी नव्हते. ज्यांना घर नव्हते, कुटुंब नव्हते, त्यांच्यासाठी मशिदीतच 'सुफ्फा' हा ओटा होता. तेथे राहणाऱ्यांना कोणी हिणवले नाही. त्यांच्यातूनच हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्यासारखे महान हदीसवेत्ते घडले.

अनसार एवढ्यावर थांबले नाहीत. आमच्या खजुरीच्या बागा आम्हा दोघांत वाटून द्या, अशी विनंती त्यांनी प्रेषितांना (स.) केली. प्रेषितांनी (स.) नकार दिला. मग ठरले ते असे : जमीन अनसारांची राहील, मुहाजिर बागेत श्रम करतील आणि फळांत वाटेकरी होतील. मुहाजिरांपैकी बहुतेक मक्केचे व्यापारी, शेतीची सवय नसलेले. तरीही त्यांनी ही व्यवस्था मान्य केली. काही झाडे मात्र अनसारांनी फळे खाण्यासाठी दिली होती. हिजरी ७ मध्ये खैबरनंतर मुहाजिरांची स्थिती सुधारली, तेव्हा ती झाडे त्यांनी मूळ मालकांना परत केली.

या परतफेडीतही एक हृद्य प्रसंग घडला. हजरत अनस (रजि.) यांच्या मातोश्रींनी दिलेली झाडे प्रेषितांनी (स.) हजरत उम्मे ऐमन (रजि.) यांना दिली होती. त्या प्रेषितांना (स.) बालपणी सांभाळणाऱ्या, मूळच्या हबशी वंशाच्या. अनस (रजि.) झाडे मागायला आले तेव्हा उम्मे ऐमन यांनी त्यांच्या गळ्यात कापड टाकून साफ सांगितले की मिळणार नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना दटावले नाही. मोबदला वाढवत वाढवत जवळजवळ दहापट केला, तेव्हा कोठे त्या राजी झाल्या. वृद्ध मुहाजिर स्त्रीच्या 'नाही'लाही त्या समाजात वजन होते!

दिव्य कुरआनने सूरह अल-हश्रच्या आठव्या आणि नवव्या आयतींत मुहाजिर व अनसार यांची प्रशंसा एकापाठोपाठ केली आहे. घरादाराला मुकलेल्या मुहाजिरांना तेथे दीनवाणे म्हटलेले नाही. अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांचे साहाय्यकर्ते म्हटले आहे. 'अनसार' या शब्दाचा अर्थही साहाय्यकर्ते असाच. म्हणजे ज्यांनी आसरा दिला आणि ज्यांनी घेतला, दोघांसाठी एकाच धातूपासून बनलेले शब्द आले. पुढे प्रेषितांच्या (स.) पश्चात मदीनेच्या राज्याची धुरा वाहणारे चारही खलिफा मुहाजिर होते, हे वेगळे सांगायला नको.

आजच्या जगाकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अहवालानुसार २०२३ च्या अखेरीस बळाने विस्थापित झालेल्यांची संख्या ११ कोटी ७० लाखांहून अधिक होती. त्यांतील एकच समूह घेऊ, कारण त्याच्यासाठी आपल्या अनेक घरांतून मदत गेलेली आहे. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधील अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. स्वतःच्या अडचणी असूनही त्या देशाने दार उघडले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. छावण्यांची व्यवस्था लावताना प्रत्येक विभागावर 'मांझी' नावाचे प्रमुख नेमले गेले. ते निर्वासितांतलेच असले तरी निवड मात्र निर्वासितांची नव्हती. नेमणूक वरून झाली होती, आणि त्यांत स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच.

याच छावण्यांत मोहिबुल्लाह नावाचे एक शिक्षक होते. लोक त्यांना 'मास्टर' म्हणत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडी-झोपडीत जाऊन ठार झालेल्यांची नावे लिहून काढली. जगाने आकडे मोजावेत याची वाट न पाहता आपल्या मृतांची नोंद स्वतः ठेवली. मार्च २०१९ मध्ये जिनिव्हातील मानवाधिकार परिषदेत ते बोलले आणि नागरिकत्वासह मायदेशी परतण्याचा हक्क मागितला. जाफर (रजि.) यांच्याशी कोणाची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही, परंतु परमुलखातील दरबारात उभे राहून आपल्या लोकांची कैफियत मांडण्याचे काम तेच होते. २५ ऑगस्ट २०१९ रोजी कुतुपालाँग येथे त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने प्रचंड सभा झाली. त्यानंतर काही दिवसांतच छावण्यांतील मोबाइल इंटरनेटवर निर्बंध आले. २९ सप्टेंबर २०२१ रोजी छावणीतील त्यांच्या कार्यालयातच बंदूकधाऱ्यांनी त्यांची हत्या केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, निर्वासितांनी आपल्या मुलांसाठी स्वतः उभारलेल्या शाळा बंद करण्याचे आदेश निघाले. मुले शिकावीत असे सर्वांनाच वाटत होते. निर्वासितांनीच शिकवावे, हे मात्र रुचले नाही.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपडे विकणारे तिबेटी आपण पाहिलेलेच असतात. हे लोक जेथे असतील तेथून मतदान करून आपले प्रतिनिधी स्वतः निवडतात. त्यांचाही मायदेश अद्याप दूरच आहे. पण त्यांच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवलेला नाही.

आपल्या हाती छावण्यांचा कारभार नाही, जकात मात्र आहे. सूरह अत-तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ वाटेकरी सांगितले आहेत. गरीब, निर्धन, कर्जबाजारी आणि वाटसरू यांमध्ये निर्वासित बहुधा कोठे ना कोठे येतोच. यासंबंधी फिक्हमधील 'तमलीक'चा नियम आपल्या अनेक घरांत विस्मृतीत गेला आहे. तमलीक म्हणजे मालकी देणे. हनफी विद्वानांच्या मते गरिबाला घरी बसवून जेवू घातल्याने जकात अदा होत नाही. रक्कम वा वस्तू त्याच्या हाती देऊन त्याला तिचा मालक करावे लागते. कोकणातील आपले बांधव शाफई फिक्ह पाळतात. शाफई विद्वानही आयतीतील 'लाम' या अक्षराच्या आधारे गरिबांचा त्या संपत्तीवर मालकीहक्क असल्याचे सांगतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. जकात हाती पडताच देणाऱ्याचा शब्द संपतो. घेणाऱ्याने त्यातून तांदूळ घ्यावेत, शिलाई मशीन घ्यावे की मुलाची फी भरावी, हे तो ठरवील. आपण छायाचित्रासाठी त्याला पिशवी धरून उभे करतो, तेव्हा या नियमाचा आत्मा कोठे राहतो, याचा विचार व्हावा.

पूर असो वा दंगल, आपल्या वस्त्यांतही विस्थापित येतात. त्यांच्यासाठी समिती नेमली जाते. त्या समितीत विस्थापित किती असतात? एखाद्या विधवा भगिनीला बोलावून, तुमच्या तंबूंत पहिली गरज कशाची, असे आपण विचारतो काय? विचारले तर ती कदाचित आपल्याला न आवडणारे बोलेल. आमच्या ताटात काय घालता ते नको, आधी शौचालयाला दार लावा, असेही म्हणेल. बोलावणाऱ्यांनी तेही ऐकण्याची तयारी ठेवावी.

हिजरी ७ मध्ये हबशाचे मुहाजिर मदीनेत आले, तेव्हाची घटना आहे. जाफर (रजि.) यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे बसल्या होत्या. हजरत उमर (रजि.) तेथे आले आणि म्हणाले की हिजरतीत आम्ही तुमच्यापुढे आहोत, प्रेषितांवर (स.) आमचा अधिकार तुमच्याहून अधिक आहे. अस्मा (रजि.) संतापल्या. तुम्ही प्रेषितांच्या (स.) सहवासात होता, ते तुमच्यातील भुकेल्यांना जेवू घालत आणि अजाणांना शिकवीत, आम्ही मात्र दूरच्या परक्या भूमीत दिवस काढत होतो, असे त्यांनी तोंडावर सुनावले. हे प्रेषितांना (स.) सांगितल्याविना अन्नपाणी घेणार नाही, अशी शपथही घेतली. प्रेषितांनी (स.) सर्व ऐकून घेतले आणि निर्वाळा दिला की उमर (रजि.) यांचा अधिकार तुमच्याहून अधिक नाही, त्यांची व त्यांच्या साथीदारांची हिजरत एक, तर जहाजातून आलेल्या तुम्हा लोकांच्या हिजरती दोन.

ही वार्ता पसरताच त्या जहाजातून आलेले लोक जथ्याजथ्याने अस्मा (रजि.) यांच्याकडे येऊ लागले. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) तर तेच शब्द त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेत असत.