गाठ नव्हती, तरी कॅन्सर होता

स्तनाचा कॅन्सर म्हटलं की आपण गाठ शोधतो. ती हाताला लागली नाही की घरचे निर्धास्त होतात आणि बाईही. मला गाठ कधी लागलीच नाही. तरी मला झाला तो कॅन्सरच, तोही फार वेगाने पसरणारा. त्याला दाहक स्तनाचा कॅन्सर म्हणतात. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये जेमतेम एक ते पाच या प्रकारचे असतात, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही.

कांदा काढणीच्या दिवसांत डावा स्तन जड आणि गरम वाटू लागला. काही आठवड्यांतच तो उजव्यापेक्षा मोठा दिसायला लागला. माझा वर्ण सावळा, त्यामुळे लाली अशी दिसलीच नाही. कातडी जांभळट-काळपट झाली. तिच्यावर मोसंबीच्या सालीवर असतात तसे बारीक खड्डे उमटले. स्तनाग्र आत ओढलं गेलं. वैजापुरातल्या एका दवाखान्यात पू झाला असेल म्हणून औषधं दिली. सूज थोडी उतरायची, पुन्हा चढायची. माझा धाकटा तेव्हा नववीत होता, म्हणजे अंगावर पाजण्यामुळे सूज यावी असंही काही नव्हतं.

पुढे संभाजीनगरला तपासण्या झाल्या. मॅमोग्राफीत ठळक गाठ दिसली नाही, पण कातडी जाड झालेली आणि तो सगळा स्तन दुसऱ्यापेक्षा दाट दिसत होता. सोनोग्राफीत काखेतल्या गाठी वाढलेल्या निघाल्या. मग कातडीचा आणि आतला तुकडा तपासला, तेव्हा निदान पक्कं झालं. या आजारात कॅन्सरच्या पेशी कातडीखालच्या लसिकावाहिन्या बुजवतात. पाणी तिथेच साठतं आणि सूज येते, हे मला तिथे समजलं.

म्हणून बायांनो, अंगावर पाजत नसताना एका स्तनाला सूज आली आणि अँटिबायोटिकने आठवडा-दहा दिवसांत ती पूर्ण गेली नाही, तर औषध बदलून घेत बसू नका. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि तुकड्याची तपासणी मागा. पाजत्या बाईचीही सूज औषधाने जात नसेल, तर तिनेही दाखवावं. रिपोर्टमध्ये ‘गाठ नाही’ लिहिलं असलं आणि कातडी तशीच असली, तर तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. कातडीच्या एका तुकड्यात काही सापडलं नाही, तरी शंका असेल तर पुन्हा तपासावं लागतं. मोबाईलवर दर दोन-तीन दिवसांनी फोटो काढून ठेवा. बदल किती झपाट्याने झाला, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. गरम शेक, लेप यांत वेळ घालवू नका.

उपचारांचा क्रमही लक्षात ठेवा. आधी केमो, मग स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया, त्यानंतर रेडिएशन. तुकड्यावर हार्मोन आणि हर-२ या तपासण्या होतात, त्यावरून पुढची औषधं ठरतात. घाईने आधी ऑपरेशन करा असं कुणी म्हणालं, तर कॅन्सरच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्या.

संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. हा आजार महिन्यांत नाही, आठवड्यांत वाढतो. लाज आणि शेतीची कामं यांच्यापायी तपासणी पुढे ढकलू नका.