पित्ताश्मरी : खडा पित्ताशयात की पित्तनलिकेत?

सोनोग्राफीचा कागद दाखवून ‘खडा विरघळवून द्या’ असे सांगणारे रुग्ण आपल्या सर्वांकडे येतात. तो खडा पित्ताशयात आहे की पित्तनलिकेत, हे वैद्याने प्रथम पाहावे.

योगायोगाने आढळलेले, त्रास न देणारे पित्ताशयातील खडे बहुधा तसेच राहू देता येतात. उजव्या बरगडीखाली वारंवार शूल होत असल्यास मात्र पित्ताशयच काढावे लागते, कारण खडे तेथेच घडतात. मूत्राश्मरीवरील पाषाणभेदादी कल्प येथे देणे सयुक्तिक नाही. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही ‘खड्याचे औषध’ मागणाऱ्यास कोणता खडा, एवढे विचारावेच.

पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ साली केली. भारतात ती १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उडवाडिया यांनी प्रथम केली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, साधारणतः चार लहान छिद्रांतून ती होते व रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो.

नलिकेतील खड्याचा प्रकार निराळा. काही वर्षांपूर्वी पैठण तालुक्यातील पन्नाशीची एक स्त्री कामलेसाठी माझ्याकडे आली. चरकसंहितेत वर्णिल्याप्रमाणे तिळाच्या कल्कासारखा मल पाहून मी रुद्धपथ कामला हे निदान केले. ते चुकले नव्हते. परंतु मार्ग कशाने रुद्ध झाला हे न शोधता आठ दिवस औषध देत राहिलो. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. नलिकेत अडकलेल्या खड्यामागे पू साचला होता. ई.आर.सी.पी. वेळेत झाल्याने ती वाचली.

या उपचारात दुर्बीण मुखावाटे ग्रहणीपर्यंत नेऊन नलिकेचे मुख किंचित छेदतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. पोटावर छेद नसतो. स्वादुपिंडाचा दाह हा त्यातील ज्ञात धोका. म्हणून केवळ निदानासाठी हल्ली एम.आर.सी.पी. करतात. पुढे पित्ताशयही, शक्यतो त्याच मुक्कामात, काढावे लागते. हे रुग्णास आधीच सांगावे. खडा निघाल्यावर तो सहसा परत फिरकत नाही.

पांढुरका मल दिसताच बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज व सोनोग्राफी करून घ्यावी. नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत लपू शकतो. तेव्हा नलिका रुंदावली आहे का, हेही अहवालात वाचावे. शूलाविना वाढणाऱ्या कामलेत अर्बुदाची शंका घ्यावी. शूल, कामला व शीतपूर्वक ज्वर एकत्र आल्यास विरेचनाच्या विचारात न पडता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, रात्र झाली असली तरी.