सिम्युलेटरमधल्या विमानाचे ओझे आणि तोल

सिम्युलेटरमधले विमान कधी धावपट्टीवर उभे असतानाच शेपटीवर बसते, कधी पुरेसा वेग येऊनही नाक उचलत नाही, तर कधी जमीन सोडताच नाक वर वर जात राहते. अशा वेळी संशय आधी जॉयस्टिकवर जातो, मग नुकत्याच आलेल्या अपडेटवर, आणि त्यात सगळी संध्याकाळ जाते. पुष्कळदा दोष सामानाच्या मांडणीत असतो. तो कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास लवकर सापडतो.

तपासायच्या गोष्टी दोन: एकूण वजन किती आणि त्या वजनाचा गुरुत्वमध्य कुठे. नवखे लोक पहिलीच पाहतात. एकूण आकडा मर्यादेत आला की काम झाले असे त्यांना वाटते, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते.

सेस्ना १७२एस हे उदाहरण घेता येईल, कारण बहुतेक सिम्युलेटरमध्ये १७२ असतेच. त्याचे उड्डाणाचे कमाल वजन २५५० पौंड, म्हणजे सुमारे ११५७ किलो. अंतरे फायरवॉलच्या पुढच्या पृष्ठभागापासून इंचांत मोजतात. पुढच्या आसनांची भुजा ३७, इंधनाची ४८, मागच्या आसनाची ७३, सामानाच्या पहिल्या कप्प्याची ९५. वजन गुणिले भुजा म्हणजे आघूर्ण. सर्व आघूर्णांच्या बेरजेला एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्य मिळतो. तो मागे ४७.३ इंचांच्या पलीकडे जाता कामा नये. पुढची मर्यादा वजनानुसार बदलते: १९५० पौंडांपर्यंत ३५ इंच, आणि २५५० पौंडांना ४१ इंच.

आता रिकामे विमान १६४२ पौंडांचे आणि त्याचे आघूर्ण ६२,६०० धरू. एकटा वैमानिक १७० पौंड, मागे दोघे मिळून ३४०, सामान २४० आणि २० गॅलन इंधनाचे १२० पौंड. एकूण भरते २५१२ पौंड, म्हणजे मर्यादेच्या आत. पण आघूर्णांची बेरीज १,२२,२७० होते आणि गुरुत्वमध्य ४८.७ इंचांवर जातो. विमान मागे जड झाले. मागचा एक प्रवासी पुढे बसवला तर आघूर्ण ६१२० ने घटते, गुरुत्वमध्य ४६.२ वर येतो, आणि तोल साधतो. तरीही मांडणी चुकीचीच राहते, कारण सामानाच्या त्या कप्प्याला १२० पौंडांचीच परवानगी आहे. सिम्युलेटरची पट्टी त्यापुढेही सरकू शकते. ती सरकली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. कप्प्याची मर्यादा, एकूण वजन आणि गुरुत्वमध्य या तिन्ही कसोट्या वेगवेगळ्या लावाव्या लागतात.

लक्षणांवरून दिशा कळते. गुरुत्वमध्य पुढे असेल तर नाक उचलायला जास्त वेग आणि जास्त ओढ लागते, स्टॉलचा वेग वाढतो, उतरताना शेवटच्या क्षणी नाक वर येत नाही. मागे असेल तर हलक्या स्पर्शानेही नाक उसळते, ट्रिम कुठेच स्थिरावत नाही आणि स्टॉलमधून बाहेर पडणे अवघड होते. मागे जड असलेले विमान सुरुवातीला चपळ वाटते, म्हणून तेच अधिक धोक्याचे. ऑटोपायलट चालू असताना ही लक्षणे झाकली जातात. तो ट्रिम फिरवत राहतो आणि बंद करताच विमान झोकांडी खाते. तपासणी हाताने उडवूनच करावी. विमान एका बाजूला कलत असेल तर दोन्ही पंखांतले इंधन समान आहे का ते पाहावे.

कागदावरचे गणित बरोबर असूनही पडद्यावर विमान वेडेवाकडे वागत असेल, तर विमानाची फाइल उघडावी. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सामानाच्या जागांची अंतरे फुटांत लिहिलेली असतात आणि पुढची दिशा धन, मागची ऋण मानतात. फ्लाइटगियरमधील जेएसबीसिम पद्धतीत अंतरे सहसा इंचांत, आणि मागची दिशा धन. एका ठिकाणचे आकडे दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे नकलले की मागचे सामान थेट इंजिनाच्या पुढे जाऊन बसते. पौंड आणि किलो यांची अदलाबदल हाही नेहमीचा घोळ. शिवाय काही सिम्युलेटर गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्क्यांत दाखवतात; तो आकडा पुस्तिकेतल्या इंचांशी थेट ताडून पाहू नये.

मोठ्या विमानांत आणखी एक जागा निसटते. प्रवासी आणि माल विमानाच्या टॅब्लेटवरून भरला, आणि नंतर सिम्युलेटरच्या मेनूतही आकडे बदलले, तर एक नोंद दुसरीवर चढते. उड्डाण-संगणकाला मग भलतेच इंधनविरहित वजन दिलेले असते आणि तो उड्डाणासाठी सुचवतो ती ट्रिमही भलतीच निघते. भरणा एकाच ठिकाणाहून करावा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणचे एकूण वजन जुळते का ते पाहावे.

हे केवळ पडद्यावरचे दुखणे नाही. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून निघालेले फाइन एअरचे डीसी-८ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. माल ठरल्याप्रमाणे भरलेला नव्हता, गुरुत्वमध्य मागे गेला होता, आणि कागदावरच्या आकड्यांनुसार लावलेली ट्रिम प्रत्यक्ष भाराला चुकीची ठरली. नाक वर गेले ते आवरता आले नाही. विमानातले चौघे आणि जमिनीवरचा एक जण मृत्युमुखी पडला.

नवे विमान बसवल्यावर पहिली चाचणी रिकामी करावी: फक्त वैमानिक आणि अर्धे इंधन. ते नीट उडाले तर एकेका जागी भार वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी कागदावरचा गुरुत्वमध्य पडद्यावरच्याशी जुळवावा. ज्या जागेपाशी दोन्ही फुटतात, तिचीच नोंद चुकीची आहे. दुरुस्ती तेवढ्याच ओळीत करावी आणि मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवावी.