घरी ट्रेडमिल घेण्याआधी

घरी ट्रेडमिल घ्यावी का, असं ओळखीचं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: तुमचं चालणं नेमकं कशामुळे अडतं? पाऊस, खणलेले रस्ते, गाड्यांनी भरलेले फुटपाथ, रात्रपाळी, घरातलं आजारपण असं काही उत्तर आलं, तर पुढं बोलण्यात अर्थ असतो. ‘कंटाळा येतो, पण मशीन डोळ्यांसमोर असलं की आपोआप चालणं होईल,’ असं कुणी म्हणालं तर मी स्पष्ट सांगते, घेऊ नका. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं ट्रेडमिल होती. तिनं माझी तब्येत सांभाळली, आणि तिच्यामुळेच आमच्या नात्यातल्या एका लेकराच्या हातावर कायमचा व्रणही राहिला. दोन्ही अनुभव घेतल्यामुळे हे लिहिते आहे.

माझी गरज खरी होती. सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रियेनंतरही त्या अंथरुणावरून फारशा उठल्या नाहीत. त्यांना एकटं सोडून तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणं बंद झालं. त्याच सुमारास मला मधुमेह निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगतात, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो अर्धा तास घराबाहेर काढणं मला शक्य नव्हतं. ट्रेडमिल आली आणि सासूबाईंच्या खोलीचं दार उघडं ठेवून, त्यांची हाक ऐकू येईल अशा अंतरावर मी चालू लागले. जेवणानंतर चाललेल्या दिवशी साखर कमी चढते, हे मला घरच्या ग्लुकोमीटरवर दिसायचं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईला स्वतःसाठी अर्धा तास मिळणं किती मोलाचं असतं, हे ज्यांनी तसे दिवस काढले त्यांनाच कळेल. त्यामुळे ट्रेडमिल म्हणजे पैसे वाया, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण सगळ्यात आधी सांगायची गोष्ट वेगळी आहे.

नणंद आपल्या तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. मी ट्रेडमिलवर चालत होते. सगळे बाहेर गप्पा मारत असताना तो खोलीत आला आणि फिरणारा पट्टा बघून त्यानं मागच्या टोकाला हात लावला. पट्टा मागच्या रुळावरून खाली वळतो, तिथं त्याची बोटं आत ओढली गेली. माझी पाठ त्याच्याकडे होती. त्याची किंकाळी ऐकून मी बंद करण्याच्या बटणावर हात मारला, पण तेवढ्या वेळात तळहात आणि दोन बोटं सोलून निघाली होती. वरवर खरचटल्यासारखी दिसणारी ती जखम पट्ट्याच्या घर्षणानं खोल भाजल्याची होती. शेवटी प्लास्टिक सर्जनकडे जाऊन त्याच्या बोटांवर मांडीची त्वचा लावावी लागली.

ट्रेडमिलसोबत एक सुरक्षा चावी येते. तिची क्लिप कपड्याला लावायची, म्हणजे चालणारा घसरला की चावी निघते आणि पट्टा थांबतो. व्यायाम झाला की चावी काढून उंचावर ठेवायची आणि भिंतीवरचं बटणही बंद करायचं. म्हणजे मुलांना मशीन सुरू करता येत नाही. हे सगळं करायलाच हवं. पण चालणारा पट्ट्यावर असताना मूल मागून आलं, तर चावीचा काही उपयोग नाही. तिथं एकच उपाय आहे: खोलीचं दार आतून बंद. शिवाय पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे होईल असं मशीन ठेवावं, आणि मागच्या टोकापासून भिंतीपर्यंत निदान सहा फूट जागा मोकळी सोडावी, कारण पाय घसरला तर पट्टा माणसाला मागे फेकतो आणि भिंत जवळ असली तर माणूस तिच्यात आणि पट्ट्यात अडकतो. महागड्या मशीनमध्ये मुलांना असलेला धोका नसतो असंही नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीनं ‘ट्रेड प्लस’ या मॉडेलची सुमारे सव्वा लाख यंत्रं परत बोलावली. मुलं मशीनच्या मागच्या बाजूनं खाली ओढली गेल्याचे प्रकार घडले होते आणि एका मुलाचा जीव गेला होता.

दुर्दैवानं असं काही घडलंच, तर जखम वीस मिनिटं नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका. आणि जखम साधी वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तळहाताची खोल जखम भरताना कातडी आक्रसली, तर वाढत्या वयात बोटं वाकडी राहू शकतात.

आता देखभालीविषयी. पट्टा आणि त्याखालची फळी यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असावा लागतो. तो वाळला की घर्षण वाढतं, पट्टा ओढायला मोटरला जास्त करंट लागतो आणि तो भार सहन न होऊन कंट्रोलर बोर्ड जळतो. आमच्याकडे पाऊल टाकलं की पट्टा क्षणभर अडखळायला लागला होता आणि मग एक दिवस मशीन बंदच पडलं. दुरुस्तीला आलेल्या मुलानं पट्टा उचलून दाखवला आणि म्हणाला, “ताई, हात घालून बघा, ठणठणीत कोरडा आहे. बोर्ड काय करणार?” वॉरंटीत फ्रेम आणि मोटर होती, बोर्डाची मुदत मात्र पहिल्याच वर्षी संपलेली होती. म्हणून खरेदीच्या वेळी वॉरंटी भागाभागाची विचारा, आणि तुमच्या गावात दुरुस्तीला माणूस येतो का, हेही विचारा. तेल माहितीपत्रकात सांगितलं असेल तेच आणि तितक्याच अंतरानं घाला. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल चालत नाही, त्यानं पट्टा खराब होतो. पट्टा एका बाजूला सरकू लागला, तर मागच्या रुळाचे दोन स्क्रू अ‍ॅलन कीनं थोडे थोडे फिरवून तो मध्यावर आणता येतो, तेवढं शिकून घ्यावं. मशीनला १६ अँपियरचा, नीट अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्या. घरातल्या इन्व्हर्टरवर ते लावू नका. आणि चालताना वीज गेली तर पट्टा एकदम थांबतो, म्हणून पावसाळ्यात तरी हात दांड्याच्या जवळ असू द्या.

जागेचा विचार दुकानात नाही, घरात मोजपट्टी घेऊन करायचा. पट्टा जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच असतो, चढ लावला की आणखी वर जातो. त्यावर उभ्या राहिलेल्या उंच माणसाच्या डोक्यावर माळा किंवा पंखा येतो का, ते बघा. लिफ्टमध्ये आणि दारातून मशीन जाईल का, ते बघा. बाल्कनीत ठेवू नका, पावसाची झड आणि धूळ दोन्ही त्याला मारक आहेत. खाली राहणाऱ्यांचाही विचार करा. माझा मुलगा सुट्टीत आला की पहाटे त्यावर धावायचा. खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, तो धावतो ते चांगलंच आहे, पण आमच्या डोक्यावर धाडधाड होतं, यांची झोप मोडते.” त्यांचं बरोबर होतं. रबरी मॅटनं आवाज थोडा कमी झाला. खोलीच्या मध्यभागी असलेलं मशीन तुळई आणि खांबाजवळ हलवल्यावर जास्त फरक पडला, कारण मध्यावर स्लॅब जास्त थरथरतो. शिवाय धावणं पहाटेऐवजी संध्याकाळी ठेवलं.

मशीन निवडताना मोटरच्या ‘पीक’ अश्वशक्तीचा मोठा आकडा सोडून द्या आणि ‘कंटिन्युअस’ अश्वशक्ती विचारा. मोटर सतत जी ताकद देते ती तीच. नुसतं चालायचं असेल तर दोनच्या आसपास पुरते, रोज धावणाऱ्यानं तीनच्या जवळपासची घ्यावी. चालायला सोळा-सतरा इंच रुंद पट्टा चालतो, धावायला वीस इंच रुंद आणि पंचावन्न इंच तरी लांब हवा. वजनाची सांगितलेली मर्यादा तुमच्या वजनापेक्षा पंधरा-वीस किलोनं जास्त असू द्या.

चढाचं बटण हलक्यात घेऊ नका. हृदयाच्या तपासणीत ट्रेडमिलवर चालवून जी टीएमटी चाचणी करतात तिची सर्वांत रूढ पद्धत ब्रूस प्रोटोकॉल आहे, आणि ती ताशी फक्त २.७ किलोमीटर वेगानं सुरू होते, पण चढ असतो १० टक्के. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. इतक्या कमी वेगातही चढ हृदयाला किती राबवतो, हे त्यावरून कळतं. तिथं छातीला ईसीजीच्या तारा असतात आणि शेजारी डॉक्टर उभे असतात, घरी यांतलं काही नसतं. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. दांडा घट्ट धरून चालू नका, त्यानं श्रम कमी होतात, पण पडद्यावरचे कॅलरीचे आकडे तसेच वाढत राहतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे. तो चालण्यानं होत नाही, वेगळाच करावा लागतो.

सासूबाई गेल्या आणि मी पुन्हा तळजाईला जाऊ लागले. ट्रेडमिल निम्म्याहून कमी किमतीला विकली. माझी अडचण काही वर्षांची होती आणि अनेकांची त्याहूनही कमी दिवसांची असते. मोठ्या शहरांत मशीन महिन्याच्या भाड्यानं मिळतं, म्हणून तो मार्ग आधी बघा. त्याच्याही आधी महिनाभर ठरल्या वेळी अर्धा तास गच्चीवर, पार्किंगमध्ये किंवा पॅसेजमध्ये चालून बघा. ते टिकलं तर मशीनही वापरलं जाईल. ते टिकलं नाही तर पैसे वाचवा. आणि घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल आणि दार बंद करता येईल अशी वेगळी खोली नसेल, तर कितीही गरज असली तरी ट्रेडमिल घरात आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.