छेदांची बेरीज का करायची नाही?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. २ पूर्णांक ३/४ आणि १ पूर्णांक ५/६ यांची बेरीज ती ३ पूर्णांक ८/१० अशी करते. तिला कसं समजावू?

उत्तर : लगेच रीत सांगू नका, आधी तिचंच उत्तर तिला तपासायला लावा. ३/४ आणि ५/६ दोन्ही अर्ध्याहून मोठे, म्हणजे त्यांची बेरीज १ च्या पुढे जायलाच हवी. ८/१० तर एकट्या ५/६ पेक्षाही लहान आहे! हे तिला स्वतःला दिसणं फार महत्त्वाचं. चौथा भाग आणि सहावा भाग सारख्या आकाराचे नसतात, म्हणून ते एकत्र मोजता येत नाहीत.

म्हणून आधी दोन्ही अपूर्णांकांचे छेद सारखे करायचे. ४ आणि ६ यांचा लसावि १२. ३/४ म्हणजे ९/१२, ५/६ म्हणजे १०/१२. बेरीज १९/१२, म्हणजेच १ पूर्णांक ७/१२. त्यात २ आणि १ मिळवले की ४ पूर्णांक ७/१२. छेद २४ घेतला तरी चालतं, शेवटी संक्षिप्त रूप द्यावं लागतं इतकंच.

काही मुलं आधी ११/४ आणि ११/६ करून घेतात. तेही बरोबर, पण पूर्णांक मोठे असले की आकडे फुगतात आणि चुका वाढतात. मी पूर्णांक वेगळे मिळवायलाच सांगेन. आणि प्रत्येक गणिताआधी तिच्याकडून उत्तराचा अंदाज जरूर लिहून घ्या.