भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही

विद्यार्थी मित्रहो, ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी गाडी नुसतीच घरघरते आणि सुरू होत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘बॅटरी गोठली’ असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक येथे जानेवारीत फार तर पारा शून्याजवळ जातो. तेवढ्या थंडीत बॅटरी गोठत नाही, मंदावते. खरोखर गोठण्याचा धोका लडाखसारख्या प्रदेशात असतो. द्रास येथे हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सियसच्याही खाली उतरते. सैन्यातील नोकरीमुळे किंवा बर्फ पाहण्याच्या हौसेने आपल्यापैकीही कोणी तिकडे जातात. तेथे निर्जन रस्त्यावर गाडी सुरू न होणे ही नुसती गैरसोय नसते, जिवावरचा प्रसंग ठरू शकतो. म्हणून हा विषय आम्ही या अंकासाठी घेतला आहे.

बॅटरी का गोठते?

फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. बहुतेक गाड्यांच्या स्टार्टरची बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात शिशाच्या व लेड डायऑक्साइडच्या प्लेट्स असतात आणि त्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तेव्हा आम्लातील सल्फेट प्लेट्सवर जमते आणि द्रवात पाणी वाढते. चार्जिंग करताना ही क्रिया उलटी होते.

याचा अर्थ असा, की बॅटरी जितकी उतरलेली तितका तिचा द्रव पाणचट, आणि पाणचट द्रव लवकर गोठतो. पुढील आकडे स्थूलमानाने लक्षात ठेवावेत.

पूर्ण भरलेली बॅटरी: उणे ५० अंशांच्याही खाली गोठते.
अर्धी उतरलेली: सुमारे उणे २५ अंशांवर.
पूर्ण उतरलेली: सुमारे उणे १० अंशांवर.

एकाच रात्री, एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीची बॅटरी फुटते आणि दुसरीची शाबूत राहते, ते यामुळे. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. प्लेट्स वाकतात, डब्याला तडे जातात आणि बॅटरी कायमची निकामी होते.

पालकांसाठी काही सूचना

१. थंड प्रदेशात जाण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी. गाडी काही तास बंद ठेवून व्होल्टमीटर लावल्यास १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धी बॅटरी. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी.

२. पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करू नये. सुरू करताना खर्च झालेली वीज तेवढ्यात भरून येतेच असे नाही. शक्य असल्यास अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी किंवा चार्जर लावावा.

३. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. घड्याळ व अलार्म थोडी थोडी वीज खातच असतात.

४. कडाक्याच्या रात्री बॅटरी काढून उबेत आणणे उत्तम. काढताना ऋण तार आधी काढावी, लावताना ती शेवटी लावावी. चार्जिंग मात्र हवेशीर जागी करावे, कारण त्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

५. डिस्टिल्ड पाणी घालावे लागल्यास चार्जिंग करण्यापूर्वी किंवा गाडी नेण्यापूर्वी घालावे. पाणी आम्लात नीट मिसळले नाही तर वरच्या वर गोठते.

घोंगडी पांघरून बॅटरी राखता येईल, अशी समजूत असते. घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त गार होण्यास उशीर लावते. रिकाम्या बॅटरीला तिचा फार आधार नाही.

गोठलीच तर?

डबा फुगलेला दिसला किंवा आत बर्फ दिसला तर चार्जर लावू नये आणि दुसऱ्या गाडीची केबलही जोडू नये. स्फोट होऊन आम्ल अंगावर उडू शकते. बॅटरी उबेत आणून पूर्ण वितळू द्यावी. तडा किंवा गळती आढळल्यास ती बदलावी. तडा नसला तरी वापरण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

करून पाहा

मित्रहो, आम्लाला हात न लावता हे तत्त्व घरी पडताळता येते. प्लास्टिकच्या तीन वाट्या घ्या. पहिलीत साधे पाणी, दुसरीत चमचाभर मीठ घातलेले पाणी, तिसरीत विरघळेल तितके मीठ घातलेले पाणी ठेवा. तिन्ही वाट्या फ्रीजरमध्ये ठेवून दर तासाला पाहा. कोणती आधी गोठली, कोणती शेवटपर्यंत पातळ राहिली, हे वहीत नोंदवा. त्यांपैकी उतरलेल्या बॅटरीसारखी वाटी कोणती, ते कारणासह लिहा आणि वर्गात आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.