हजार फ्रेमच्या चित्रणात उजेड का लुकलुकतो?

प्रश्न : सेकंदाला १,००० फ्रेमने टिपलेल्या चित्रणात उजेड कमी-जास्त होतो, उभ्या रेघाही दिसतात. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. भारतातली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण या कॅमेऱ्याच्या दर १० फ्रेममध्ये एक चढउतार पुरा होतो. तेच दृश्य उन्हात टिपून पाहावे. लुकलुक थांबली, तर दोष दिव्याचाच! मग स्थिर डीसी पुरवठ्यावरचे एलईडी दिवे लावावेत.

रेघांचे कारण वेगळे. सेन्सर तापला की काळ्या रंगाची पातळी सरकते, तीही प्रत्येक उभ्या ओळीत वेगवेगळी; म्हणून रेघा दिसतात. कॅमेरा थोडा तापू द्यावा, लेन्सला झाकण लावून ब्लॅक बॅलन्स करावा, म्हणजे ही पातळी पुन्हा जुळवावी. फ्रेमरेट किंवा एक्स्पोजर बदलल्यावर पुन्हा. हे केल्याशिवाय कॅमेरा दुरुस्तीला पाठवू नये.